खालचा सूर धरणाऱ्याचं आयुष्य

तू सात वर्षं चेलो शिकते आहेस आणि आता पूर्ण वेळ यातच पडावं का, या विचारात आहेस. म्हणून तीन प्रश्न विचारलेस: चेलोवादकाचा दिवस कसा जातो, रोज किती तास वाजवावं लागतं, आणि आयुष्यभर दुसऱ्यांच्या सुरावटीखाली बसून लांब सूर ओढत राहायचा कंटाळा येत नाही का. ताई म्हणून लिहिलंस, तेव्हा मीही एकेरीतच उत्तर देते. सव्वीस वर्षं मी ऑर्केस्ट्राच्या चेलो सेक्शनमध्ये बसते आहे, त्यातली चौदा वर्षं जोडीला चौघांचं क्वार्टेट होतं, आणि शिकवणं पहिल्या वर्षापासून चालू आहे.

सुरुवात तिसऱ्या प्रश्नापासून करते. त्याचं तुझं उत्तर काय आहे, यावर बाकीच्या दोन्हींची उत्तरं अवलंबून आहेत.

तुझ्या वयाची असताना मलाही खालचा सूर नको होता. आम्ही पाच जणांनी शूबर्टचं सी मेजर क्विंटेट बसवायचं ठरवलं. दोन व्हायोलिन, एक व्हिओला, म्हणजे व्हायोलिनची थोडी मोठी बहीण, आणि दोन चेलो. शूबर्टने हे १८२८ मध्ये लिहिलं, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तो गेला, आणि पहिल्यांदा जाहीरपणे वाजायला १८५० साल उजाडलं. मला अर्थातच पहिला चेलो हवा होता. मिळाला दुसरा. दुसऱ्या भागात, त्या संथ अडॅजिओमध्ये, मधली तीन वाद्यं लांबच लांब सूर धरून बसतात, पहिलं व्हायोलिन वर तुटक तुटक काहीतरी बोलतं, आणि दुसऱ्या चेलोला असतं ते बोटाने तार छेडणं, पिझिकाटो. पहिल्या तालमीला मी ते नुसते सूर म्हणून छेडले. सगळं बरोबर होतं आणि तरी तो भाग मेल्यासारखा पडून राहिला.

मग व्हिओला वाजवणाऱ्या मित्राने सांगितलं, 'आम्ही तिघं तुझ्यावर टेकून बसलोय, आणि तू आम्हाला टेकूच देत नाहीयेस.' पुढचे तीन आठवडे मी फक्त छेडण्याचा अभ्यास केला. बोटाचं टोक वापरलं तर आवाज टणक येतो, पेराचा मांसल भाग वापरला तर गोल. फिंगरबोर्डच्या टोकापाशी छेडलं तर सूर लांब टिकतो. छेडल्यानंतरही डाव्या हाताने व्हायब्रेटो, म्हणजे सुराचं हलकं कंपन, चालू ठेवला, तर विरत जाणारा सूर आणखी थोडा जगतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दोन छेडण्यांमधली शांतता किती लांब, हे त्या भागात फक्त दुसरा चेलो ठरवतो. वर कितीही सुंदर व्हायोलिन असू दे, त्या संगीताचा श्वास माझ्या उजव्या हाताच्या एका बोटात होता. कार्यक्रमाच्या दिवशी ते मला कळलं, आणि त्यानंतर मी पहिला चेलो कधी मागून घेतला नाही.

तुला कंटाळा येईल की नाही, हे मी सांगू शकत नाही. पण खालचा सूर म्हणजे कमी काम, अशी तुझी समजूत असेल तर ती आधी सोड. साधी गोष्ट बघ. जाड तार उशिरा बोलते. सगळ्यात जाड सी तारेवर बो, म्हणजे गज, ठेवल्यापासून सूर पूर्ण उभा राहीपर्यंत जो वेळ जातो, तो व्हायोलिनच्या तारेपेक्षा जास्त असतो. म्हणजे सगळ्यांबरोबर ऐकू यायचं असेल, तर आपल्याला केसाएवढं आधी निघावं लागतं. हे कागदावर लिहिलेलं नसतं. कंडक्टरच्या हाताकडे बघून, शेजाऱ्याच्या श्वासाकडे लक्ष ठेवून, ते शिकावं लागतं. आपण उशीर केला तर अख्खी ऑर्केस्ट्रा जड वाटते, आणि श्रोत्याला कारण कळतही नाही.

सुराचंही तसंच. हे जरा सविस्तर सांगते, कारण सात वर्षं शिकलेल्या मुलांनाही हे बहुतेक वेळा कोणी सांगितलेलं नसतं. आपल्या चार तारा षड्ज-पंचमाच्या नात्याने लागतात: वरून खाली ए, डी, जी, सी. ए २२० हर्ट्झला लावून तिथून खाली एकेक शुद्ध पंचम लावत गेलीस, तर सी येते ६५.१९ च्या आसपास. तिकडे व्हायोलिनवाला त्याच्या ४४० च्या ए वरून वर शुद्ध पंचम लावतो, त्याची ई येते ६६०. आता तुझ्या सी तारेतच एक ई दडलेली आहे, तिच्या दहाव्या स्वयंभू स्वरात, म्हणजे मूळ सुराच्या दहापट वेगाने आपोआप उमटणाऱ्या बारीक सुरात. ती आहे ६५२ ची. म्हणजे दोघांनीही कानाने, अगदी चोख वाद्यं लावली आणि सी मेजरचा शेवटचा सूर एकत्र धरला, तर तुझ्यातली ई आणि त्याची मोकळी ई यांच्यात आठ हर्ट्झचा फरक पडतो. ऐकणाऱ्याला तो खरखर म्हणून ऐकू येतो. दोघांपैकी कोणीही बेसूर नसतो, तरी सूर जुळत नाही.

म्हणून क्वार्टेटमध्ये पंचम किंचित आवळून लावतात, सी जराशी वर घेतात. तरीही फरक पूर्ण मिटत नाही, मग व्हायोलिनवाला मोकळी तार टाळून बोटाने ई थोडी खाली धरतो. आमच्या क्वार्टेटने पहिली दोन वर्षं दर तालमीची पहिली वीस मिनिटं फक्त यावर घालवली. मी खालचा सूर धरायचा आणि बाकीच्या तिघांनी एकेक करून त्यावर येऊन बसायचं. जमिनीचा उतार मी ठरवायचा, घर त्यांनी बांधायचं. माझा सूर मध्येच हलला तर तिघांनाही आपली जागा बदलावी लागे. क्वार्टेटमध्ये सूर कोण लावतं, असं कोणी विचारलं तर माझं उत्तर ठरलेलं आहे.

हे वाद्य जन्मलं तेच या कामासाठी. सोळाव्या शतकात क्रेमोनामध्ये आंद्रेआ अमातीने बनवलेली व्हायोलिनच्या कुळातली मोठी वाद्यं साथीची होती. तेव्हा तारा नुसत्या आतड्याच्या असत, आणि खालचा सूर नीट यायचा तर तार लांब हवी, म्हणून वाद्यही मोठं. १६६० च्या सुमारास बोलोन्यामध्ये आतड्याच्या तारेवर धातूची बारीक तार गुंडाळायची युक्ती निघाली. तार लांब न करताच जड झाली, वाद्य लहान करता आलं, आणि बोटं पळू लागली. त्याच बोलोन्यात १६८९ मध्ये दोमेनिको गाब्रिएल्लीने एकट्या चेलोसाठी रिचेरकारे नावाच्या रचना लिहिल्या. १७०७ च्या पुढे स्ट्रादिवारीने जे माप पक्कं केलं, साधारण ७६ सेंटीमीटरच्या धडाचं, तेच आज तुझ्या-माझ्या हातात आहे. त्याआधीचे कितीतरी मोठे चेलो पुढे चक्क कापून लहान केले गेले. मला त्या कापलेल्या वाद्यांबद्दल नेहमी हळहळ वाटते, पण ती कापली म्हणूनच वाजत राहिली, हेही खरं.

आता दिवस. सकाळी वाजवायला बसले की पहिली पंधरा-वीस मिनिटं फक्त मोकळ्या तारा. डावा हात मांडीवर. बो टोकापासून मुठीपर्यंत आणि परत, एकेका तारेवर, कधी एका सुराला बारा-बारा सेकंद. चेलोचा बो जेमतेम ८० ग्रॅमचा असतो. आवाज त्या ८० ग्रॅममधून येत नाही, तो पाठीतून आणि दंडातून खाली उतरणाऱ्या हाताच्या वजनातून येतो. मनगट किंवा खांदा आवळलेला असेल तर ते वजन वाटेतच अडकतं, आणि मग माणूस दाबायला लागतो. दाबलेला सूर जवळून मोठा वाटतो, सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचत नाही. मोकळ्या तारेवर हे लपवता येत नाही, म्हणून रोज तिथूनच सुरुवात.

त्यानंतर स्केल, मग पोझिशन बदलण्याचे छोटे तुकडे, मग पॉपर या चेलोवादकाचा एखादा अभ्यासपाठ. पॉपरच्या चाळीस पाठांतले सगळे येणं गरजेचं नाही, पण आठ-दहा पाठ वर्षानुवर्षं हातात असावेत. आपल्या तारेची वाजती लांबी ६९ सेंटीमीटरच्या आसपास असते, व्हायोलिनच्या दुपटीहून थोडी जास्त. खालच्या पोझिशनमध्ये एका पूर्ण सुराचं अंतर सात-साडेसात सेंटीमीटर भरतं, आणि हात तारेवर वर सरकत गेला तसं ते आक्रसतं. सप्तकभर वर तेच अंतर निम्मं. म्हणजे हाताला दर ठिकाणी नवं माप लक्षात ठेवावं लागतं. याला रियाजाशिवाय उपाय नाही, आणि तो मंद गतीचाच हवा.

ऑर्केस्ट्राची तालीम साधारण अडीच-तीन तासांची, कधी दिवसात दोन. कार्यक्रम असेल तर सकाळी तालीम, संध्याकाळी मंच. सेक्शनमध्ये दोघांत एक स्टँड असतो. प्रेक्षकांच्या बाजूला बसलेला वाजवत राहतो, आतल्या बाजूचा पान उलटतो. मी नऊ वर्षं आत बसले. पान उलटताना सूर सुटतात, आणि ते कोणते सुटले तर चालतील हे आधी ठरवून ठेवावं लागतं. बो वर की खाली, हे सेक्शनचा प्रिन्सिपल, म्हणजे प्रमुख वादक, ठरवतो, त्याच्या खुणा पेन्सिलने आपल्या प्रतीवर उतरवायच्या. मला दुसरा बो जास्त पटत असला तरी वाजवायचा तोच. दहा चेलो एका बोने चालले की जो आवाज होतो, तो दहा उत्तम एकल वादकांना शेजारी शेजारी बसवून होत नाही. त्या आवाजाच्या आत बसायला मिळणं, हे मला आजही पगाराहून मोठं वाटतं.

तास किती, असं विचारलंस. तालीम नसलेल्या दिवशी मी चार तासांपलीकडे जात नाही, तालमीच्या दिवशी स्वतःचा दीड तास पुष्कळ झाला. पंचेचाळीस-पन्नास मिनिटं वाजवून दहा मिनिटं उठायचंच. हा नियम मी दुखणं भोगून शिकले. नोकरीच्या आठव्या वर्षी डाव्या हाताचा अंगठा आणि त्याच्या मुळाशी असलेला स्नायू इतका दुखायला लागला की दाराची कडी उघडता येईना. मी दोन महिने कोणाला सांगितलं नाही. सेक्शनमध्ये दुखणं लपवायची फार वाईट सवय असते. शेवटी चार महिने वाद्य खाली ठेवावं लागलं. उपचार झालेच, पण खरा दोष सापडला तो माझ्या जुन्या शिक्षिकेला. मी वाद्याच्या मानेमागे अंगठा दाबून, चिमट्यासारखी तार धरत होते. त्यांनी मला तीन आठवडे अंगठा मानेपासून पूर्ण सोडून वाजवायला लावलं. तार खाली जाते ती हाताच्या वजनाने, आणि वाद्य छातीला टेकलेलं असल्यामुळे मागून आधार मिळतोच. अंगठा फक्त सोबतीला. तू आज रात्री हे करून बघ. अंगठा सोडल्यावर सूर पडत असेल, तर तू दाबते आहेस, आणि ते आत्ताच मोडायला हवं. दुखलं तर त्याच दिवशी शिक्षकांना सांग आणि डॉक्टरांना दाखव, वाजवत वाजवत बरं होईल असं समजू नकोस.

बसण्याबद्दल एवढंच सांगते: एंडपिनची, म्हणजे वाद्याच्या तळाच्या कांबेची, उंची आणि खुर्चीची उंची यांचा हिशेब दर नव्या ठिकाणी नव्याने कर. पूर्वी ही कांबच नव्हती, लोक पोटऱ्यांमध्ये चेलो धरून वाजवत. एकोणिसाव्या शतकात बेल्जियमच्या सर्व्हे या चेलोवादकाने कांब रूढ केली. तिच्यामुळे पाय सुटले, हात सुटले, वाद्य जमिनीवर उभं राहिलं.

वाद्य सांभाळणं हा कामाचाच भाग आहे, आणि ते मोठं असल्यामुळे प्रवासही कामात धर. विमानात त्याचं वेगळं तिकीट काढून शेजारच्या सीटवर बांधून न्यावं लागतं. हवा कोरडी झाली की लाकूड आकसतं. एका हिवाळ्यात, हीटर लावलेल्या सभागृहात, माझा चेलो जी तारेवर झणझणायला लागला. मी दोन दिवस स्वतःच्या बोला दोष देत राहिले. कारागिरांनी बोटाने कडेकडेने ठोकत नेलं आणि एका जागी आवाज पोकळ आला, खालच्या कडेचा जोड सुटला होता. हा जोड मुद्दामच फार पक्का करत नाहीत. लाकूड ओढलं गेलं तर सरस सुटावा, पण वरची स्प्रूसची पाटी चिरू नये, म्हणून. चाळीस ते साठ टक्के आर्द्रता ठेव, पेटीत मोजणारं यंत्र ठेव. आत साउंडपोस्ट नावाची स्प्रूसची काडी असते, नुसत्या दाबावर उभी, चिकटवलेली नाही. फ्रेंच आणि इटालियन कारागीर तिला आत्मा म्हणतात. ती मिलिमीटरभर सरकली तरी वाद्याचा स्वभाव बदलतो, तिला स्वतः हात लावू नकोस. आणि एफ किंवा एफ शार्पच्या आसपास तुझा सूर गुरगुरून अडखळत असेल, तर तो वुल्फ आहे. वाद्याच्या धडाचा स्वतःचा सूर तिथेच कुठेतरी असतो आणि तो तारेची शक्ती ओढून घेतो. घोडीच्या खालच्या बाजूला तारेवर पितळेची छोटी नळी बसवली की बहुतेक वेळा तो आवरतो. नाहीतर गुडघ्यांनी वाद्य किंचित आवळायचं. मी अजूनही गुडघ्यांनीच भागवते.

नोकरीच्या निवडीबद्दल तू विचारलं नाहीस, पण सांगायला हवं. बऱ्याच ऑर्केस्ट्रांमध्ये पहिली फेरी पडद्याआडून असते. जमिनीवर गालिचा घालतात, म्हणजे बुटांच्या आवाजावरूनही माणूस ओळखू येऊ नये. एखाद्या काँचेर्टोचा, म्हणजे एकल वाद्य आणि ऑर्केस्ट्रा यांच्या रचनेचा, पहिला भाग वाजवून घेतात आणि मग ऑर्केस्ट्रातले ठरलेले तुकडे. बेथोव्हनच्या पाचव्या सिंफनीच्या दुसऱ्या भागाची सुरुवात जवळजवळ हमखास असते. ती व्हिओला आणि चेलो मिळून वाजवतात, सुरावट सोपी, ताल ठिपक्यांचा, आणि तिथेच लोक पडतात. मी पहिल्या सहा निवडींत नापास झाले. सहाव्या वेळी एका परीक्षकांनी थांबून सांगितलं, 'फार छान वाजवता, पण तुमच्या शेजारी कोणाला बसता येणार नाही.' मी त्या ठिपक्यांना दर वेळी थोडं वेगळं ताणत होते, एकटीच वाजवत असल्यासारखी. पडद्यापलीकडे बसलेली माणसं सुंदर सूर तर शोधतातच, पण त्याहून जास्त त्यांना ऐकायचं असतं की हिच्याबरोबर वाजवता येईल का. सातव्या निवडीआधी मी प्रत्येक तुकडा डोक्यात व्हिओला ऐकत वाजवला.

पोटाचं म्हणशील, तर एका नोकरीवर भागवणारे थोडे आहेत. बहुतेकांचं आयुष्य ऑर्केस्ट्रा, शिकवणं, ध्वनिमुद्रण आणि अधूनमधून चेंबर संगीत असं जोडून बनतं. शिकवणं आवडत नसेल तर ही वाट कठीण जाईल.

आणि एकल वाजवणं सुटतं असं समजू नकोस. रोस्सिनीच्या 'विल्यम टेल'ची नांदी पाच एकल चेलोंनी सुरू होते. ब्राम्सच्या दुसऱ्या पियानो काँचेर्टोच्या तिसऱ्या भागात पियानो थांबलेला असतो आणि पहिलं गाणं चेलोला मिळतं. हायडनचा सी मेजर काँचेर्टो तर १९६१ मध्ये प्राग इथे सापडेपर्यंत कोणाच्या हातातच नव्हता, आज तो प्रत्येक विद्यार्थी वाजवतो. घरी एकटी असताना बाखचे एकट्या चेलोसाठीचे सहा सूट आहेतच. बाखच्या हातची प्रत हरवली, आपल्यापर्यंत आल्या त्या दुसऱ्यांनी केलेल्या नकला, त्यातली एक त्याची बायको आना माग्दालेनाची. तिच्यातल्या बोच्या खुणा इतक्या संदिग्ध आहेत की दर पिढीला नव्याने ठरवावं लागतं. चेलोवादक पाब्लो कासाल्सला या सूट्सची छापील प्रत तेराव्या वर्षी मिळाली आणि सहाही सूट्सचं ध्वनिमुद्रण झालं १९३६ ते १९३९ मध्ये, म्हणजे साठीच्या उंबरठ्यावर. पहिल्या सूटचा सुरुवातीचा भाग, प्रेल्यूड, तू वाजवतच असशील. आता तो वाजवताना प्रत्येक मात्रेचा फक्त सर्वांत खालचा सूर ऐक. बाखने एका चेलोला गाणंही दिलं आणि त्याची साथही. खालचे सूर बरोबर पडले की वरचे आपोआप जागेवर येतात.

पूर्ण वेळ यात यावंस का, हे मी पत्रावरून ठरवणार नाही. एक काम सांगते. व्हायोलिन वाजवणारी एखादी मैत्रीण असेल तर तिला बोलाव. दोघींनी आपापली वाद्यं कानाने लावा, शुद्ध पंचमाने. मग तिला मोकळी ई ओढू दे आणि तू खाली सी ओढ, लांब, न थांबता. ती आठ हर्ट्झची खरखर ऐका. मग तुझी सी केसाएवढी वर घे, तिने ई बोटाने किंचित खाली आणायची, आणि खरखर विरून जाईपर्यंत दोघींनी थांबायचं नाही. त्यात किती वेळ गेला, आणि तो वेळ तुला कसा वाटला, ते मला लिही.